ग्लायडरमधून छायाचित्रे घेण्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात प्रशिक्षण घेत आहे. अजून एकट्याने उड्डाण केलेले नाही, परंतु तो दिवस आता फार लांब नाही असे प्रशिक्षक म्हणतात. माझ्याकडे एक डीएसएलआर आणि १८-१४० मिमीची लेन्स आहे. वरून दिसणारे दृश्य नीट टिपायचे असेल तर फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेराच हवा, असे एक मित्र सांगतो. दुसऱ्याच्या मते हातातला मोबाइल पुरेसा आहे. पैसे खर्च करण्याची तयारी आहे, पण ते वाया जाऊ नयेत एवढीच इच्छा आहे. कोणता कॅमेरा घ्यावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या दोन्ही मित्रांचा वाद सेन्सरच्या आकारावरून चालला आहे, ग्लायडरमध्ये मात्र कॅमेऱ्याची निवड आधी हातांवरून ठरते. स्टिक (ग्लायडरवर नियंत्रण ठेवण्याचा दांडा) बहुतेक वैमानिक उजव्या हातात धरतात, कारण एअरब्रेकचा निळा दांडा आणि केबल सोडण्याची पिवळी मूठ सहसा डाव्या हाताशी असते. जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्याचे शटरचे बटणही उजव्या हातासाठीच केलेले असते. म्हणजे जो हात रिकामा असतो त्याला बटण सापडत नाही आणि ज्याला सापडते तो हात गुंतलेला असतो. यातून दोनच मार्ग निघतात. एक तर स्टिक क्षणभर डाव्या हातात घ्यायची, किंवा कॅमेरा डाव्या हातात उलटा धरून त्याचे बटण अंगठ्याने दाबायचे. दुसरा मार्ग ऐकायला विचित्र वाटला तरी तीनशे ग्रॅमच्या छोट्या कॅमेऱ्याने तो सहज जमतो, आणि उलटे आलेले छायाचित्र घरी संगणकावर सरळ करायला काहीच वेळ लागत नाही. आपला डीएसएलआर लेन्ससकट एक किलोच्या आसपास भरेल; तो एका हाताने उलटा धरणे शक्य नाही आणि सरळ धरायचा तर दोन हात लागतात.

म्हणून आपला डीएसएलआर घरीच ठेवावा आणि त्याच कारणासाठी फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा विचारही सोडून द्यावा. आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणात आणि त्यानंतरही बराच काळ कॅमेरा मुळीच सोबत नेऊ नये. विंचने (जमिनीवरून केबल ओढणाऱ्या यंत्राने) वर गेल्यावर मिळणारे सर्किट (उतरण्यापर्यंतचा ठरलेला फेरा) काही मिनिटांचेच असते. त्यात उंची, वेग, वारा आणि इतर विमाने यांवर लक्ष ठेवून झाल्यावर छायाचित्रासाठी उसंत उरत नाही. आत्ता छायाचित्रे हवीच असतील, तर प्रशिक्षकांच्या संमतीने ज्या उड्डाणात ग्लायडर तेच चालवणार आहेत अशा उड्डाणात पुढच्या आसनावरून ती घ्यावीत. एकामागे एक आसने असलेल्या ग्लायडरमध्ये पुढचे आसन पंखाच्या बरेच पुढे असते आणि तेथून खालची जमीन मोकळी दिसते. मागच्या आसनावरून खाली पाहू गेल्यास पंखच आड येतो.

आकाराचा आग्रह मी एवढा का धरतो, हे एका नोंदलेल्या घटनेवरून ध्यानात येईल. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रिटिश हवाई दलाचे व्हॉयेजर जातीचे एक मोठे विमान १९८ जणांना घेऊन ब्रिटनहून अफगाणिस्तानकडे निघाले होते. काळ्या समुद्राच्या परिसरात असताना कॉकपिटमध्ये एकटेच असलेले कप्तान छायाचित्रे घेत होते. त्यांनी डीएसएलआर बाजूला ठेवला तो नेमका खुर्चीचा हात आणि नियंत्रणाची स्टिक यांच्या मधोमध. थोड्या वेळाने खुर्ची पुढे सरकवताच कॅमेऱ्याने स्टिक पुढे दाबली आणि विमान २७ सेकंदांत ४,४०० फूट खाली आले. माणसे आणि सामान छतावर आदळले. त्या विमानातील संगणकीय संरक्षणाने त्याला सावरायला मदत केली. ग्लायडरमध्ये असा संगणक नसतो, स्टिक गुडघ्यांच्या मधोमध असते, आणि अनेक ग्लायडरमध्ये नियंत्रणाचे दांडे आसनाखालूनच मागे जातात. हवेच्या एखाद्या जोरदार धक्क्यात सुटी वस्तू मांडीवरून उडून नेमकी कोठे जाऊन अडकेल हे सांगता येत नाही.

त्यामुळे लेन्सचे झाकण जमिनीवरच ठेवून जावे. तेवढी चकती आसनाखाली घरंगळली तरी पुढचे उड्डाण करणाऱ्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. गळ्यातला लांब पट्टा काढून टाकावा आणि त्याऐवजी मनगटात घट्ट बसणारा आखूड पट्टा वापरावा. आपण पॅराशूट घालून बसत असाल, तर बाहेर पडण्याच्या वेळी गळ्यात काहीही असता कामा नये. मेमरी कार्ड किंवा बॅटरी हवेत बदलू नये. उड्डाणापूर्वी कॅमेरा झाकण लावता येईल अशा बाजूच्या कप्प्यात ठेवावा; विंचच्या ओढीत तो बाहेर निघता कामा नये, आणि उतरण्याच्या सर्किटमध्ये शिरण्यापूर्वी तो पुन्हा त्याच कप्प्यात गेलेला असावा.

आता सेन्सरकडे वळू. लहान सेन्सर ही येथे केवळ नाइलाजाने पत्करलेली तडजोड नाही, त्याचा एक खरा फायदाही आहे. एक इंच म्हणून ओळखला जाणारा सेन्सर (प्रत्यक्षात तो १३.२ × ८.८ मिमीचा असतो) आणि २४ मिमीइतकी विस्तृत दृष्टी देणारी लेन्स घेऊन अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) एफ/४ ठेवले आणि फोकस पावणेदोन मीटरच्या आसपास लावला, तर साधारण एका मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे काही स्पष्ट येते. ग्लायडरचा पंख, त्याचे टोक आणि दूरचे ढग हे सारे त्या पट्ट्यात बसते. डोळ्यांपासून वीतभर अंतरावरच्या कॅनॉपीवरील (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावरील) ओरखडे आणि धूळ मात्र बाहेर राहून विरून जातात. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एवढ्याच दृष्टीसाठी एफ/४ ला हे अंतर जवळपास पाच मीटरवर जाते, आणि ते कमी करण्यासाठी अ‍ॅपर्चर लहान करावे तर कॅनॉपीवरचा प्रत्येक डाग अधिक ठळक दिसू लागतो. एक इंच सेन्सरवरही एफ/५.६ च्या पुढे जाण्याचे काही कारण नाही. फोकस मात्र हाताने लावून तेथेच कुलूपबंद करता येईल असा कॅमेरा निवडावा. स्वयंचलित फोकस वारंवार कॅनॉपीवरच्या एखाद्या ओरखड्याला किंवा प्रतिबिंबाला जाऊन चिकटतो, आणि हे त्या वेळी पडद्यावर कळत नाही.

लेन्सच्या पल्ल्याबाबत २४ पासून १०० मिमीपर्यंत (फुल-फ्रेमच्या तुलनेत) एवढा झूम मला योग्य वाटतो. २४ मिमीला पंख, क्षितिज आणि जमीन एकत्र येतात. परंतु १५ मीटर पंखविस्ताराचे दुसरे ग्लायडर दीडशे मीटरवर असेल, तर २४ मिमीला ते चौकटीच्या रुंदीचा जेमतेम पंधरावा भाग व्यापते. १०० मिमीला मात्र ते चौथ्या भागाहून अधिक जागा घेते. ग्लायडर मोठे दिसावे म्हणून त्याच्या जवळ जाण्यापेक्षा लेन्स बदललेली केव्हाही बरी. २०० मिमीपर्यंतचा झूम असलेल्या छोट्या कॅमेऱ्यांची लेन्स सहसा मंद (कमी प्रकाश आत घेणारी) असते, आणि हलत्या कॉकपिटमधून तेवढ्या पल्ल्यावर नेम धरणे व्यवहारात जमत नाही.

शटरच्या वेगाविषयी एक गैरसमज आहे. ग्लायडर ताशी शंभर किलोमीटर वेगाने जात असले, तरी हजार मीटर खालची जमीन त्या वेगामुळे अस्पष्ट येत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागात आपण तीन सेंटिमीटरही पुढे गेलेलो नसतो. छायाचित्र बिघडते ते वळण्यामुळे. ताशी ९० किलोमीटर वेगाने आणि ४० अंश कललेल्या स्थितीत थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या उबदार हवेच्या झोतात) घिरट्या घालणारे ग्लायडर सुमारे १९ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. म्हणजे क्षितिज आपल्यासमोरून दर सेकंदाला सुमारे १९ अंश सरकत असते. २४ मिमीच्या लेन्सने घेतलेल्या सहा हजार पिक्सेल रुंदीच्या छायाचित्रात १/५०० सेकंदाला हे सरकणे तीन पिक्सेलचे होते आणि १/२००० ला एका पिक्सेलपेक्षाही कमी. म्हणून शटर निदान १/१००० वर ठेवावे. कॅमेऱ्यातील इमेज स्टॅबिलायझेशन हाताचा कंप शोषते, पण ही फिरकी शोषू शकत नाही. याला एक गमतीदार अपवाद आहे. त्याच थर्मलमध्ये बरोबर समोरच्या बाजूला फिरणारे दुसरे ग्लायडर आपल्या कॅनॉपीत एकाच जागी थांबल्यासारखे दिसते, मागचे डोंगर तेवढे सरकत राहतात. तेव्हा १/५०० लाही ते ग्लायडर रेखीव येते आणि पार्श्वभूमी किंचित पुसटल्याने छायाचित्राला गती येते.

प्रत्यक्ष नावे घ्यायची तर कॅननचा जी७ एक्स मार्क टू (२४-१०० मिमी, एफ/१.८-२.८, वजन सुमारे ३२० ग्रॅम) या कामाला चांगला आहे. सोनीच्या आरएक्स १०० मालिकेतील २०१२ चा पहिला कॅमेरा अवघा २४० ग्रॅमचा आहे. त्याची दृष्टी २८ मिमीपासून सुरू होते आणि त्याचे अंग इतके गुळगुळीत आहे की त्यावर रबरी पकड चिकटवल्याशिवाय तो कॉकपिटमध्ये नेऊच नये. दोन्ही जुन्या बाजारात मिळू शकतात, आणि आपल्या कामासाठी नवाच घेतला पाहिजे असे नाही. झूम नको असेल तर रिकोचा जीआर थ्री हा २८ मिमीच्या एकाच लेन्सचा, पण डीएसएलआरएवढ्याच एपीएस-सी सेन्सरचा २५७ ग्रॅमचा कॅमेरा आहे. त्यात फोकसचे अंतर आधीच ठरवून ठेवण्याची सोय आहे. ग्लायडरमध्ये ती अतिशय उपयोगी पडते. व्यक्तिशः मी जी७ एक्स निवडेन, कारण समोर दुसरे ग्लायडर आले की एकाच लेन्सच्या कॅमेऱ्याचा पश्चात्ताप होतो.

व्ह्यूफाइंडर नसला तरी बिघडत नाही. वैमानिकासाठी तो नसलेलाच चांगला. डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की बाहेरच्या हवेकडे लक्ष राहत नाही, आणि ग्लायडर वळत असताना मान वाकवून त्यातून पाहिले की कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते व मळमळू लागते. उन्हात मागचा पडदा नीट दिसत नाही हे खरे, पण विस्तृत लेन्सला अंदाजे रोख धरून पाचसहा छायाचित्रे घेतली तरी त्यांतले एखादे जुळते.

मोबाइल सुचवणारे आपले मित्र अगदीच चुकलेले नाहीत. आवाजाच्या बटणाने शटर उघडण्याची सोय असल्यामुळे तो डाव्या हातातही चालतो. परंतु त्याचा खरा शत्रू आपल्याकडचे ऊन आहे. अ‍ॅपल कंपनी आयफोन वापरण्याचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस एवढेच सांगते, आणि एप्रिल-मेमध्ये बंद कॅनॉपीखाली रांगेत थांबलेल्या ग्लायडरमध्ये पारा त्याच्या फार वर जातो. विंच ओढेपर्यंत फोन पडदा मंद करून बसलेला असतो. कॅमेराही उड्डाणापूर्वी कॉकपिटमध्ये उन्हात ठेवू नये. उघड्या कॅनॉपीची वक्र काच सूर्याचे किरण एका ठिकाणी गोळा करून आसनाचे कापड जाळू शकते, तेथे प्लास्टिकचे काय?

प्रकाशाबाबत ग्लायडरवाल्यांचे आणि छायाचित्रकारांचे वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही. चांगले थर्मल दुपारी मिळतात, आणि त्याच वेळी ऊन डोक्यावर असल्याने जमिनीवरचे चढउतार सपाट दिसतात. उन्हाळ्यात पुण्याच्या आसमंतात धूळ आणि धुरकेही असते. अशा वेळी क्षितिजाचा मोह सोडून जवळजवळ सरळ खाली, ढगांच्या सावल्या शेतांवर आणि टेकड्यांवर पडलेल्या असतात तिकडे कॅमेरा वळवावा. छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावीत आणि एक्स्पोजर अर्ध्या टप्प्याने कमी ठेवावे. ढगांचा पांढरा भाग एकदा जळाला की परत मिळत नाही, सावलीतला तपशील मात्र उजळता येतो. पावसाळा संपल्यावर हवा धुतलेली असते आणि सह्याद्री अजून हिरवा असतो, तेव्हा छोटी उड्डाणेही छायाचित्रांच्या दृष्टीने लाभदायक ठरतात.

शेवटी परवानगीविषयी. १९३७ च्या विमान नियमावलीतील १३ व्या नियमानुसार उडत्या विमानातून छायाचित्रे घेण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालकांची लेखी परवानगी लागते. प्रवासी विमानांतील प्रवाशांना मिळालेली सवलत ग्लायडरच्या वैमानिकाला आपोआप लागू आहे असे गृहीत धरू नये. हडपसरपासून हवाई दलाचा लोहगाव तळ फार दूर नाही, हेही विसरू नये. कॅमेरा विकत घेण्याच्या आधी केंद्रप्रमुखांना भेटून काय चालते आणि काय नाही ते विचारावे, आणि जे ठरेल ते लेखी घ्यावे.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी गेली काही वर्षे श्टुटगार्टजवळ राहतो आणि येथील एका क्लबात ग्लायडर चालवतो. परवाना मिळालेला आहे. या उन्हाळ्यात उंटरव्योसेन येथे आल्प्समधील उड्डाणाचा अभ्यासक्रम करणार आहे. पंखाच्या टोकावर किंवा शेपटीवर अ‍ॅक्शन कॅमेरा लावावा असे मनात आहे, कारण तेथून ग्लायडर आणि डोंगर दोन्ही दिसतील. असा कॅमेरा पुरेसा आहे का? आणि थंडीचा त्रास होईल का?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : अ‍ॅक्शन कॅमेरा उड्डाणापूर्वी एकदा सुरू केला की त्याच्याकडे पाहावे लागत नाही, वैमानिकासाठी याहून मोठा गुण नाही. परंतु त्याची दृष्टी इतकी रुंद असते की त्यात आल्प्स खुजा होतो. हिशेब करून पाहावा. दोन किलोमीटरवर असलेला हजार मीटर उंचीचा कडा १६ मिमीच्या दृष्टीत आडव्या चौकटीची जेमतेम तिसरा हिस्सा उंची व्यापतो. ५० मिमीला तोच कडा वरपासून खालपर्यंत चौकट भरून टाकतो. घरी परतल्यावर ‘प्रत्यक्षात याहून कितीतरी भव्य होते’ असे प्रत्येक छायाचित्राखाली म्हणावे लागते, त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. पंख, चेहरा, घिरट्या यांसाठी अ‍ॅक्शन कॅमेरा आणि डोंगरांसाठी वर सांगितलेला छोटा झूम कॅमेरा, अशी जोडी ठेवावी. प्रशिक्षक सोबत असतील आणि नियंत्रण त्यांच्याकडे असेल तेव्हाच दुसरा हातात घ्यावा. आल्प्समध्ये उतारांच्या कडेने उडताना समोरून येणाऱ्या ग्लायडरशी वेगांची बेरीज होते. फ्लार्म (जवळ आलेल्या ग्लायडरची सूचना देणारे उपकरण) इशारा देतो, पण फ्लार्म नसलेले ग्लायडर, पॅराग्लायडर आणि केबलकारच्या तारा फक्त डोळ्यांनाच दिसतात.

बाहेर कॅमेरा लावण्याचा विचार मात्र क्लबच्या तांत्रिक प्रमुखांशी बोलल्याशिवाय आणि लेखी मान्यता मिळाल्याशिवाय अमलात आणू नये. शंभर-दीडशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे वाटते. परंतु शेपटीचे अंतर मोठे असल्याने तेथील थोडेसे वजनही ग्लायडरचा गुरुत्वमध्य मागे खेचते, आणि हलत्या नियंत्रण-पृष्ठाच्या जवळ वजन वाढले तर जास्त वेगात फडफड सुरू होण्याचा धोका असतो. नाकावर किंवा शेपटीच्या उभ्या पंखाजवळ, जेथे हवेचा दाब मोजणाऱ्या नळ्या असतात, तेथे कॅमेऱ्याने हवेचा प्रवाह बिघडला तर वेग आणि चढण दाखवणारी उपकरणे चुकीचे आकडे देतात. आपण शिकायला जात आहात, तेव्हा हा प्रयोग या वर्षी नको असे मी म्हणेन.

कॉकपिटच्या आतही जागा विचारपूर्वक निवडावी लागते. कॅनॉपी अ‍ॅक्रिलिकची असते, आणि शोषून चिकटणारे रबरी चकतीचे धारक तिच्यावर ताण देतात. त्या ताणातून बारीक तडे जातात. धारक कॅनॉपीच्या चौकटीवर किंवा उपकरणांच्या फळीवर लावावा, पण होकायंत्रापासून दूर, कारण चुंबकी धारक आणि कॅमेऱ्यातील स्पीकरचे चुंबक त्याची सुई ढळवतात. कॅमेरा कॅनॉपीच्या चौकटीवर असेल आणि त्याची चार्जिंगची तार ग्लायडरच्या अंगाला जोडलेली असेल, तर संकटात कॅनॉपी फेकून देण्याची वेळ आल्यावर तीच तार तिला धरून ठेवू शकते. तार नकोच, कॅमेरा स्वतःच्या बॅटरीवर चालू द्यावा. आपत्कालीन लाल मूठ आणि बाजूची छोटी सरकती खिडकी यांच्या आड काहीही येऊ नये.

थंडीचे म्हणाल तर प्रमाणित वातावरणात साडेतीन हजार मीटरवर तापमान सुमारे उणे ८ अंश असते. कॅनॉपीखाली ऊन असल्याने हातांना ते जाणवत नाही, परंतु ढगाच्या सावलीत आल्यावर किंवा फॉनच्या (डोंगर ओलांडून उतरणाऱ्या कोरड्या, उबदार) वाऱ्यातील लहरींवर अधिक उंच गेल्यावर बॅटरी झपाट्याने उतरते. राखीव बॅटरी अंगालगतच्या आतल्या खिशात ठेवावी आणि तिचे धातूचे टोक झाकलेले असावे. उतरल्यावर गार कॅमेरा लगेच दमट हवेत उघडा करू नये. बंद पिशवीत ठेवून त्याला बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे, म्हणजे लेन्सवर आतून दव धरणार नाही. हातमोजे घालून स्पर्शाचा पडदा चालत नाही, म्हणून ज्या कॅमेऱ्याला खरी बटणे आहेत तोच बरा. स्वतःच्या इंजिनावर वर जाणारे ग्लायडर मिळाले, तर इंजिन चालू असतानाच्या चित्रीकरणात पंख्याची पाती वाकडी दिसतील आणि चित्र जेलीसारखे थरथरेल. तो कॅमेऱ्यातील दोष नव्हे, सेन्सर ओळीओळीने वाचला जातो म्हणून तसे होते. इंजिन आत गेले की ते थांबते.

प्रश्न : मुलीकडे न्यूझीलंडला गेलो असता ओमारामा येथे ग्लायडरमध्ये प्रवासी म्हणून बसण्याचा योग आला. आकाश निळेशार यावे म्हणून कॅमेऱ्यावर पोलरायझर फिल्टर लावला होता. छायाचित्रांत आकाशावर इंद्रधनुष्यासारखे रंगीत पट्टे आले आहेत, आणि काहींत माझ्याच पांढऱ्या टोपीची सावली तरंगते आहे. कॅमेरा बिघडला आहे का? पुढच्या भेटीत पुन्हा जायचे आहे, तेव्हा नवा घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला कॅमेरा ठणठणीत आहे, नवा घेऊ नये. आकाशातून येणारा प्रकाश, विशेषतः सूर्यापासून नव्वद अंशांवरच्या भागातला, मुळातच बराचसा ध्रुवित (मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणारा) असतो. कॅनॉपी तापवून वाकवली जाते तेव्हा अ‍ॅक्रिलिकच्या अंगात ताण राहून जातात, आणि अशा ताणलेल्या पदार्थातून जाताना वेगवेगळ्या रंगांच्या ध्रुवित प्रकाशावर वेगवेगळा परिणाम होतो. उघड्या डोळ्यांना हे दिसत नाही. पोलरायझर मध्ये आला की तेच ताण रंगीत पट्टे होऊन प्रकट होतात. प्रवासी विमानाच्या खिडकीतूनही असेच घडते. ध्रुवक काचांचा गॉगल घातला तर तेच पट्टे डोळ्यांनाही दिसतात, आणि कॅमेऱ्याचा पडदा एका विशिष्ट कोनात काळा पडतो. फिल्टर काढून टाकावा. आकाशाचा निळा रंग नंतर संगणकावर गडद करता येतो, धुरकेही कमी करता येते. यूव्ही फिल्टरचाही येथे काही उपयोग नाही, उलट प्रतिबिंबांसाठी आणखी एक काच वाढते.

तरंगणारी टोपी म्हणजे कॅनॉपीच्या आतल्या बाजूवर पडलेले प्रतिबिंब आहे. ऊन डोक्यावर असताना टोपी काढून बसण्याचा सल्ला मी देणार नाही, पण ती गडद रंगाची असू शकते. शर्टाच्या बाह्या, हातातला नकाशा, कॅमेऱ्याचा रंगीत पट्टा, अगदी पांढरी पँटसुद्धा काचेत उतरते. गडद, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा आणि लेन्सभोवती मऊ रबरी कोन लावून तो कॅनॉपीच्या शक्य तितक्या जवळ न्यावा, मात्र टेकवू नये. टेकवला की ग्लायडरचा कंप कॅमेऱ्यात उतरतो आणि काचेवर ओरखडे पडतात. काचेला काटकोनात पाहिले तर प्रतिबिंब आणि विकृती दोन्ही कमी होतात, आणि कॅनॉपीच्या वक्र कडांतून तिरके पाहिले तर दोन्ही वाढतात. बाजूची छोटी सरकती खिडकी वैमानिकाच्या परवानगीने उघडली, तर तिच्यातून काचेविना छायाचित्र मिळते. मात्र हात आणि कॅमेरा आतच ठेवावा. बाहेर काढलेला कॅमेरा वाऱ्याने निसटला तर तो शेपटीवर आदळू शकतो.

कॅनॉपी अस्वच्छ वाटली तरी खिशातल्या रुमालाने किंवा लेन्स पुसण्याच्या द्रवाने ती पुसू नये. कोरडी धूळ घासली की ओरखडे पडतात आणि अल्कोहोल लागले की अ‍ॅक्रिलिकला बारीक चिरा जातात. स्वच्छ पाण्याने ओले केलेले मऊ सुती कापड वैमानिकांकडे असते, त्यांनाच सांगावे. आता हाती असलेल्या छायाचित्रांविषयी. रंगीत पट्टे पूर्णपणे निघणार नाहीत, परंतु छायाचित्र कृष्णधवल करून लाल, हिरवा व निळा यांपैकी ज्या रंगाच्या वाहिनीत पट्टे सर्वांत फिके दिसतात ती वापरली, तर माउंट कुककडच्या बर्फाच्छादित रांगांची निदान काही छायाचित्रे छापण्याजोगी होतील.